शेळीला हात नसतात

जगातली निम्मी संकटं वेळेवर उपटून टाकली असती तर कधीच मिटली असती. पण कुठलंही संकट उपटण्याआधी ते कुणाच्या हद्दीत उगवलंय हे ठरवावं लागतं, आणि ते ठरेपर्यंत संकटाला फुलं येतात, बी धरतं. याला कायद्याचं राज्य म्हणतात. मौजे लोणवाडीत ते फार जुन्या काळापासून नांदतं आहे.

लोणवाडी पेडगावच्या बाजूला. काळी जमीन, खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत हरभरा-ज्वारी, आणि बारा महिने धुरा. धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधला बांध. बाहेरच्या माणसाला तो नुसता मातीचा उंचवटा वाटतो, पण बाहेरच्या माणसाला काय कळतं! लोणवाडीत सोयरीक जुळवताना मुलाचं शिक्षण नंतर विचारतात, आधी धुऱ्याला शेजार कुणाचा ते विचारतात.

तर या गावातल्या सटवाजीच्या शेताला यंदा बियाण्याच्या सरकारी कचेरीचा बोर्ड लागला होता. हिरवा, लोखंडी, रस्त्याकडं तोंड करून दोन पायांवर उभा. वर 'सोयाबीन बीजोत्पादन प्रक्षेत्र' आणि खाली सटवाजीचं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. म्हणजे या शेतातलं सोयाबीन तेलाच्या घाण्यावर जाणार नव्हतं, दुसऱ्यांच्या शेतात बी म्हणून जाणार होतं. गावात असा बोर्ड पहिलाच. सटवाजीनं त्याला पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं, उदबत्ती लावली, आणि दुसऱ्या दिवशी काहीएक काम नसताना एसटीनं परभणीला जाऊन आला. जाताना उजव्या खिडकीत बसला, येताना डाव्या. दोन्ही खेपांना नाव स्पष्ट वाचता आलं. कंडक्टरला त्यानं "ते शेत कुणाचं हो?" असं विचारूनही बघितलं. कंडक्टरला माहीत नव्हतं, पण सांगितल्यावर त्याला बरं वाटलं, असं सटवाजीला वाटलं.

बोर्डाची अट एकच कडक होती. शेतात किंवा शेताला लागून अमरवेल दिसली की प्लॉट नापास, आणि बोर्ड उपटून कचेरीत जमा.

अमरवेलीबद्दल इथं दोन शब्द चांगले बोलले पाहिजेत. हिला मूळ नाही, पान नाही, कष्टाची सवय नाही. बी रुजलं की एक पिवळा धागा बाहेर येतो, आजूबाजूला चाचपडतो, आणि सोयाबीन, तूर, हरभरा असं शेंगेचं खानदानी झाड भेटलं की त्याला विळखा घालून रस प्यायला लागतो. बूड टेकलं की जमिनीशी असलेला संबंध तोडून टाकतो. पुढं नुसती चैन. दिसायला सोन्याच्या तारांचं जाळं. हिची तुलना पुढाऱ्यांशी करायची काही लोकांना खोड आहे, पण तो अमरवेलीवर अन्याय आहे. ती दुसऱ्या झाडावर गेली तरी पहिल्याला सोडत नाही. एवढी निष्ठा आज कुठं बघायला मिळते?

ही कशी घालवावी हे लोणवाडीत शंभर टक्के लोकांना माहीत होतं, आणि उरलेल्यांना त्याहून जास्त माहीत होतं. सटवाजी तर या विषयातला अधिकारी पुरुष. पारावर बसून तो बोटांवर मोजत सांगायचा, की बी चाळून, निवडून पेरावं. धागा दिसला की फुलावर यायच्या आत धरलेल्या झाडासकट उपटावा. उपटलेला धुऱ्यावर किंवा नाल्यात फेकू नये, जाळावा. बी धरलेली अमरवेल जनावराला चारू नये, कारण ते बी जसंच्या तसं मागल्या दारानं बाहेर पडतं. आणि एवढं करूनही घुसलीच, तर एक-दोन हंगाम शेंगेचं पीक सोडून ज्वारी घ्यावी, ज्वारीला ती धरत नाही. एकदा तिचं बी मातीत पडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ('किती वर्षं?' असं कुणी विचारलं की सटवाजी म्हणे, "तुमच्या नातवाला इचारा.")

असा हा जाणकार माणूस श्रावणातल्या एका सकाळी धुऱ्याकडं गेला, आणि त्याला धुऱ्यावर माजलेल्या तरोट्याच्या तणावर ओंजळभर पिवळं जाळं दिसलं. वाकला, हात पुढं केला, आणि हात तसाच हवेत राहिला.

कारण शपथ.

झालं होतं असं. धुऱ्याच्या पलीकडचं शेत सुग्रीवचं, म्हणजे सटवाजीच्या सख्ख्या चुलतभावाचं. सुग्रीवच्या ट्रॅक्टरनं एका वर्षी धुऱ्याची वीतभर माती खाल्ली. सटवाजीनं पुढच्या वर्षी आपल्या नांगरानं दीड वीत परत घेतली. (अर्धी वीत मनस्तापाबद्दल.) धुरा झिजून झिजून मांजरालाही त्यावरून जायला लाज वाटावी असा झाला, तेव्हा पंचांनी मध्ये पडून फैसला केला. पंचांचे प्रमुख बन्सीधरआण्णा. त्यांनी दोघांना टेम्पोत घालून पोखर्णीला नेलं आणि नरसिंहाच्या पायरीवर हात ठेवायला लावून शपथ दिली, 'धुऱ्याला हात लावणार नाही, धुऱ्यावरची काडी मोडणार नाही.' टेम्पोत पंच होते, पंचांचे गवाह होते, आणि फैसल्यानंतर जेवण करावं लागतं म्हणून आचारी होता. सटवाजीची बायको बायनाबाई आणि सुग्रीवची बायको सारजाबाई या दोघीही निघाल्या होत्या, पण जागा नव्हती. (आचाऱ्याचं पातेलं मोठं होतं.)

तेव्हापासून धुऱ्यावर शांतता होती. इतकी की तरोटा कमरेला लागला. आता त्या शांततेला सोनेरी फळ आलं होतं.

सटवाजीनं मान वर केली तर पलीकडं सुग्रीवही त्याच जाळ्याकडं बघत उभा. दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून सटवाजी आपल्या बैलाला म्हणाला, "बग रे पाखऱ्या, काही लोकांच्या बाजूनं काय काय उगवायलंय!"

सुग्रीवकडं बैल नव्हता. तो पाण्याच्या मोटारीला म्हणाला, "उगवलं कुणाच्या बाजूनं, आन नाव कुणाचं घ्यायलेत! आपलं ठिवायचं झाकून, दुसऱ्याचं बगायचं वाकून."

एवढी चर्चा होऊन दोघं आपापल्या कामाला लागले. म्हणजे सटवाजी बोर्डाकडं बघत बसला. बायनाबाई पलीकडच्या ओळीत खुरपत होती. ती उठून आली, कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "अवो, मी काय म्हणते—"

"तू मधी पडू नको. धुऱ्याची गोष्ट हाय."

बायनाबाई परत खुरपायला बसली. सटवाजीनं त्या शेतात अमरवेलीचा एक धागा शिरू दिला नव्हता, हे मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. (रोज सकाळी कडेची ओळ बघून, आत आलेला धागा झाडासकट उपटून बायनाबाई चुलीत घालायची.)

पंधरा-वीस दिवसांत जाळं ओंजळीवरून सुपाएवढं झालं आणि तपासणी आली. बियाण्याच्या कचेरीतल्या धम्मशीला मॅडम मूळच्या जिंतूरच्या, आईवडील शेतातलेच, त्यामुळं त्यांना फसवायची सोय नव्हती. त्यांनी सगळं शेत पायाखाली घातलं, "वा, लय निर्मळ ठेवलंय सटवाजीराव," असं म्हणाल्या, आणि धुऱ्याशी येऊन थांबल्या.

"हे काय हो?"

"ते धुऱ्यावर हाय मॅडम, शेतात न्हाई," सटवाजी म्हणाला.

"धुऱ्यावर आज हाय, उद्या शेतात. उपटा की."

सटवाजीनं शपथ सांगितली. मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली. सरकारी नोकरीत असं ऐकून घ्यायची सवय होते. मग त्या म्हणाल्या, "मी काय पोखर्णीला शपथ घेतली न्हाई," आणि त्यांनी बाह्या सारून हात पुढं केला.

"मॅडम, हात लावू नका!" सटवाजी आणि सुग्रीव एकदम ओरडले. धुरा झाल्यापासून दोन्ही शेतांचं एकमत होण्याची ही पहिली वेळ. सुग्रीवचं म्हणणं (मोटारीमार्फत) असं, की मॅडम सटवाजीच्या कामाला आल्या आहेत, तेव्हा त्यांचा हात तो सटवाजीचाच हात. सटवाजीचं म्हणणं (बैलामार्फत) असं, की मॅडमनी उपटली तर उद्या हाच माणूस गावभर सांगेल, सटवाजीनं बाहेरचा माणूस आणून नरसिंहाची शपथ मोडली. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मॅडमनी बैलाकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं, आणि हात मागं घेतला.

"पोळ्यानंतर परत येते. हे गेलेलं पाहिजे. न्हाई तर बोर्ड जाईल, माझा इलाज न्हाई."

त्या रात्री सटवाजीला भाकर गोड लागली नाही. माणसाला वाटतं, बोर्ड काय, पत्रा आहे. पण ज्याचं नाव जन्मात कधी लग्नपत्रिकेच्या बाहेर छापून आलं नाही, त्याला विचारा. आपलं नाव उपटून कचेरीच्या मागच्या खोलीत टेकून ठेवलंय, असं चित्र त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. बायनाबाईनं ताटात दूध वाढलं आणि म्हणाली, "इतकं कामून जिवाला लावून घ्यायलात? मी काय म्हणते—"

"काय म्हणायचं ऱ्हायलंय आता? पंचाईत बशीवतो उद्या."

पंचाईत उद्या बसली नाही, पोळा झाल्यावर बसली, कारण पोळ्याच्या आत कुणी बसत नसतं. तोवर अमरवेलीनं फुलं संपवून बी धरलं होतं. बैठक सटवाजीच्या ओसरीवर भरली. सुग्रीव ओसरीच्या बाहेर पण ऐकू येईल इतक्या अंतरावर, स्वतःच्या मोटरसायकलवर बसला. विषय एकच होता. धुऱ्यावरची अमरवेल कोण उपटू शकतो?

बन्सीधरआण्णांनी एकेक नाव घेतलं. सटवाजी? शपथेत. सुग्रीव? शपथेत. पंच? ते शपथेचे गवाह, आणि गवाहानं पुराव्याला हात लावू नये. मजूर? मजुराला सांगणार कोण? जो सांगेल त्याचा हात. मॅडम? त्यांचा निकाल लागलेला. पाऊस? पावसानं ती वाढली. वारा? वाऱ्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. औषध फवारावं, असं एक पंच म्हणाला. पण पंप हातानं मारावा लागतो. शाळेतली पोरं? पोरं कुणाची तरी असतातच. गावातला कारभारी, कोतवाल, एसटीचा कंडक्टर, कुणी कुणी म्हणून सुटलं नाही. आता कुणीच माणूस शिल्लक राहिलं नाही याची बन्सीधरआण्णांनी दोनदा खात्री करून घेतली. (चहा बायनाबाईनं आणला. कप सारजाबाईनं विसळले.)

मग आण्णांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"शपथ काय घेतली तुमी? धुऱ्याला हात लावणार न्हाई. का न्हाई?"

"व्हय."

"शेळीला हात असतात का?"

पंच एकमेकांकडं बघायला लागले. शेळीला चार पाय असतात, तोंड असतं, शेपूट असते, हात नसतात. पोखर्णीला ती नेलेली नव्हती. काडी ती मोडत नाही, खाते. लोणवाडीच्या इतिहासात इतका स्वच्छ कायदेशीर मार्ग कधी निघाला नव्हता. एका पंचानं डोळे पुसले.

एक अडचण निघाली. बी धरलेली अमरवेल जनावराला चारू नये, हा नियम. तो सटवाजीनंच, जाणकार म्हणून, सगळ्यांसमोर नीट म्हणून दाखवला. सगळ्यांनी माना हलवल्या. नियम सगळ्यांना पाठ होता. बन्सीधरआण्णा म्हणाले, "नियम बरोबर हाय. पर शपथ मोठी का नियम मोठा?" सगळ्यांनी परत माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी पंचांच्या समक्ष, सटवाजीच्या बाजूनं एक शेळी आणि सुग्रीवच्या बाजूनं एक शेळी, अशा दोन शेळ्या एकाच वेळी सोडण्यात आल्या. (एकीच्याच पोटात गेली असती तर पुढं मालकीचा प्रश्न आला असता.) शेळ्यांनी भांडण न करता, मधला तरोटा समान वाटून घेत, दुपारपर्यंत धुरा साफ केला. माणसांना जे जमलं नाही ते शेळ्यांनी करून दाखवलं, असं त्या दिवशी पुष्कळ जण म्हणाले.

धम्मशीला मॅडम आल्या, धुरा बघितला, शेत बघितलं, प्लॉट पास केला. "कसं काय केलं?" त्यांनी विचारलं. सटवाजी लाजून म्हणाला, "पंचांची कृपा." बोर्ड जागेवर राहिला. सटवाजी परत एकदा परभणीला जाऊन आला.

या यशाची वार्ता पसरायला वेळ लागला नाही. 'लोणवाडी पद्धत' म्हणून आजूबाजूच्या चार गावांत तिचं नाव झालं. सत्काराचा एक कार्यक्रम झाला, त्यात शेळ्यांना हार घातले. (त्यांनी ते खाल्ले.) भाषणात बन्सीधरआण्णांनी सांगितलं, की मजुरी नाही, औषध नाही, भांडण नाही, वर शेळीला चारा फुकट. ज्याच्या ज्याच्या धुऱ्यावर काही पिवळं होतं त्यानं शेळी सोडली. ज्याच्याकडं शेळी नव्हती त्यानं उसनी आणली. शेळ्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, या शिवारातून त्या शिवारात हिंडल्या, आणि हिंडता हिंडता जे शेळ्या करतात ते करत गेल्या. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालं, शेतं मोकळी झाली, आणि गावानं गोठ्यातलं लेंडीखत ट्रॉल्या भरभरून शेतात टाकलं. खत उत्तम होतं.

बायनाबाई टोपलं घेऊन उभी राहिली होती. "हे खत टाकायच्या आधी, मी काय म्हणते—"

"आता खताचंबी तूच सांगणार का मला?" सटवाजी हसत म्हणाला. त्याचा मूड चांगला होता. रब्बीला त्याला हरभऱ्याचाही बोर्ड मिळाला होता. ज्वारी घ्यावी असं त्याच्या ज्ञानाला वाटत होतं, पण ज्वारीला बोर्ड नव्हता.

पौषात हरभरा घाट्यावर आला, आणि लोणवाडीचं शिवार सोन्याचं झालं. एसटीतून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, करडईचं पीक फुललंय. सटवाजीच्या शेतात, सुग्रीवच्या शेतात, पंचांच्या शेतात, सगळीकडं तेच पिवळं जाळं, झाडं विळख्यात कोमेजलेली. आता ती धुऱ्यावर नव्हती, शेताच्या मधोमध होती. शपथेचा काही संबंध नव्हता, कुणीही वाकून उपटू शकत होता. पण जो आधी वाकेल त्याच्या शेतात आधी आली असं गाव म्हणणार, म्हणून कुणी वाकलं नाही. सगळे ताठ मानेनं फिरत होते. फक्त बायनाबाई आणि सारजाबाई आपापल्या शेतात सकाळपासून वाकलेल्या होत्या. एक एका दिशेनं आणि दुसरी दुसऱ्या दिशेनं, जेवढं पुरं पडेल तेवढं. पुरं पडत नव्हतं.

धम्मशीला मॅडम आल्या, धुऱ्यापर्यंत गेल्याच नाहीत. काही न बोलता त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. बोर्ड काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाय घट्ट गाडले होते तरी, त्याला मुळं नव्हती.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत सटवाजी रस्त्यावर उभा राहिला. मग शेतात येऊन मातीतच बसला. त्याला रडू आलं, आणि बायकोसमोर आलं याचीही त्याला लाज वाटली नाही, इतकं आलं. बायनाबाईनं उपटलेल्या झाडांचा ढीग खाली ठेवला, शेजारी बसली, तांब्यातलं पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुला धुऱ्यावरची ती दिसत व्हती न्हवं, श्रावणात?"

"दिसत व्हती की. मी आन सारजा रोज दुपारी तिच्याच शेजारी बसून भाकर खायचो."

"मग तू तवा सारखं काय म्हणत व्हतीस?"

"काय न्हाई," बायनाबाई म्हणाली. "शपथ तुमी घेतली. भाऊजींनी घेतली. मी न्हाई घेतली, सारजानं न्हाई घेतली. टेम्पोत जागा न्हवती. तर मी म्हणत व्हते, आमी दोघी उपटून चुलीत घालतो. ओंजळभर तर व्हती."

सटवाजीनं तांब्या खाली ठेवला.

"अगं, मग उपटायची की! इचारत कामून बसलीस?"

"तुमीच म्हणला, मधी पडू नको, धुऱ्याची गोष्ट हाय. नवऱ्याचं ऐकावं का न्हाई?"

धुऱ्याच्या पलीकडं सारजाबाई सुग्रीवला काहीतरी सांगत होती आणि सुग्रीव डोक्याला हात लावून बसला होता. दोन्ही भावांची नजरानजर झाली. बैल आणि मोटार दोघंही गप्प होते.

आता ज्या वाचकांच्या हे टेम्पोपाशीच लक्षात आलं होतं, त्यांनी हात वर करावा. जे पंचांबरोबर एकेक नाव मोजत शेळीपर्यंत आले आणि 'वा आण्णा!' म्हणाले, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आण्णा चांगलेच गृहस्थ आहेत. आणि ज्यांचा हात वर आहे त्यांनी तो खाली घेऊन जरा आतल्या खोलीकडं कान द्यावा. तुम्ही हे वाचायला बसल्यापासून तिकडून कुणीतरी 'मी काय म्हणते' असं दोनदा म्हणून गेलंय, आणि तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात.